राह खार्न : 'आणून बसवलेल्या' गावाचा इतिहास कुठून सुरू करायचा?

नमस्कार. तुमचा प्रश्न बराच लांब होता, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही आयर्लंडच्या मीथ काउंटीत, नवनला राहता. अकरा वर्षांच्या लेकीला शाळेने जवळच्या एखाद्या गावाचा इतिहास लिहायला सांगितलाय. तिने अॅथबॉयजवळचं राह खार्न निवडलं, कारण तिथल्या पाट्या फक्त आयरिशमध्ये आहेत आणि दोन आजीबाई रस्त्यात उभ्या राहून आयरिशमध्ये गप्पा मारताना तिने ऐकल्या. घरी आल्यावर शेजारी म्हणाले, "ते काही खरं आयरिश गाव नव्हे. सरकारने 1935 साली पश्चिमेकडून आणून बसवलेली माणसं ती." गवताच्या छपराची घरं नाहीत, समुद्र नाही, साधे बंगले, ट्रॅक्टर, गाईगुरं. म्हणून तुम्ही विचारताय, की त्याऐवजी समुद्रकाठचं एखादं 'अस्सल' गाव घ्यावं का, आणि हेच ठेवलं तर सुरुवात कुठून करावी.

गाव बदलू नका. का, ते सांगते.

मी पुनर्वसित गावांमधल्या तोंडी आठवणी नोंदवते. सुरुवात कोयना धरणात उठलेल्या गावांपासून झाली. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे सात वर्षं आयर्लंडच्या पश्चिमेला गॉलवेत काढली, तिथे आयरिश शिकले आणि तिथला कॉनेमाराचा किनारा व मीथ, दोन्हीकडे थोडंफार काम केलं. त्यामुळे "ते खरं गाव नव्हे" हे वाक्य मी दोन देशांत ऐकलंय. धरणग्रस्तांच्या वसाहतीबद्दल आजूबाजूची जुनी गावं पन्नास वर्षांनंतरही हेच बोलतात. माझ्या मते तुमचा प्रश्न असा आहे, की गावाचा इतिहास जमिनीचा लिहायचा की माणसांचा? बहुतेक गावांत दोन्ही एकाच जागी सापडतात, त्यामुळे हा प्रश्न कुणाला पडत नाही. राह खार्नमध्ये जमीन एकीकडची आणि माणसं दुसरीकडची, म्हणून तो पडतो.

आधी जमीन. 'राह' म्हणजे मातीच्या गोल तटबंदीची जुनी गढी आणि 'कार्न' (नावात त्याचं 'खार्न' होतं) म्हणजे दगडांची रास. हे नाव 1935 मध्ये आलेल्यांनी दिलेलं नाही, ते कित्येक शतकं तिथेच होतं. म्हणजे मीथमध्येही कधीकाळी आयरिशच बोलली जायची. ती तिथून गेली एकोणिसाव्या शतकात. याचा पुरावा तुमच्या लेकीला हाताशी आहे. आयरिश शिकवणाऱ्या सोप्या धड्यांमुळे देशभर माहीत झालेले फादर ओ ग्रोनी (आयरिशमध्ये ओ ग्रावनी) हे 1863 साली अॅथबॉयजवळच जन्मले. 1893 मध्ये गेलिक लीग, म्हणजे आयरिश भाषा पुन्हा रुजवण्यासाठीची संघटना, स्थापन करणाऱ्यांच्या वर्तुळातलं ते मोठं नाव. पण त्यांच्या घरची भाषा इंग्रजी होती, आयरिश त्यांना शिकावी लागली. आज राह खार्नच्या गावसभागृहाला आणि प्राथमिक शाळेला त्यांचं नाव आहे. भाषा ज्या मातीतून गेली तिथल्या माणसाने ती पुस्तकातून उचलली, आणि त्यानंतर साठेक वर्षांनी तीच भाषा बोलणारी कुटुंबं त्याच मातीत राहायला आली. मला ही जोडी फार आवडते, लेकीलाही आवडेल.

आता माणसं. ती आली कॉनेमाराच्या दक्षिण किनाऱ्यावरून, गॉलवे काउंटीतून. पर्यटनाच्या फोटोत ही जागा सुंदर दिसते. पण शेतकऱ्याच्या नजरेने बघा: ग्रॅनाइटचा खडक, मधेमधे दलदल, आणि त्यात दोन-चार एकरांचे तुकडे विखुरलेले. बटाटा लावायचा तर माती करावी लागे. समुद्रशेवाळ टोपलीतून पाठीवर किंवा गाढवावर वाहून आणायचं, वाळू टाकायची आणि त्या थरावर वाफे ओढायचे. जोडीला मासेमारी, दलदलीतून कापून जळणासाठी वाळवलेल्या मातीचा, म्हणजे पीटचा, व्यापार, आणि बॉस्टनहून येणारं पोराबाळांचं मनीऑर्डरीसारखं पाकीट. 1845 नंतरच्या महादुष्काळात देशात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त परदेशी गेली. हा किनारा त्यात होरपळला, तरी इथे दाटीवाटी संपली नाही. सरकारी भाषेत या पट्ट्याला 'गर्दीचे जिल्हे' म्हणत आणि 1891 मध्ये त्यांच्यासाठी एक मंडळच नेमलं होतं. आयरिश इथे टिकली त्यामागे भाषाप्रेम कमी आणि ही गरिबी जास्त होती. इंग्रजी ज्या रस्त्याने येते, म्हणजे बाजार, नोकरी, जमीनदाराची कचेरी, तो रस्ता इथवर पुरता पोहोचलाच नव्हता.

शेजाऱ्यांचं "सरकारने आणून बसवलं" हे वाक्य अर्धंच खरं आहे. ब्रिटिशांपासून सुटलेल्या आयरिश स्वतंत्र राज्याने 1925 मध्ये आयरिशभाषक भागांसाठी एक आयोग नेमला, त्याने लोकांना चांगल्या जमिनीवर हलवायची सूचना केली, आणि ती सूचना वर्षानुवर्षं कागदावर राहिली. हलली ती लोकांच्या रेट्याने. कॉनेमारात 'मुइन्तिर ना गेल्टाख्ता' (आयरिशभाषक प्रदेशातले लोक) नावाची चळवळ उभी राहिली, पुढे लेखक म्हणून गाजलेला मार्टीन ओ काईन तिच्यात होता. 1934 मध्ये तिथले काही जण सायकली मारत कॉनेमाराहून डब्लिनला गेले, दोनशेहून जास्त किलोमीटर, सरकारचे प्रमुख एमन डी व्हॅलेरा यांना भेटायला. मागणी साधी होती: मीथमध्ये लँड कमिशनने, म्हणजे जमिनीच्या फेरवाटपाच्या सरकारी खात्याने, मोठ्या धनदांडग्यांकडून घेतलेली जमीन आहे, त्यातली आम्हाला द्या, आणि आम्हाला एकत्र द्या. हे 'एकत्र' लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावर फिरतं.

मीथच का, याला एक जुना सल आहे. 1650 च्या दशकात इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या राजवटीने कॅथलिक जमीनदारांच्या जमिनी काढून घेऊन त्यांना शॅनन नदीपलीकडे, कॉनॉख्टमध्ये, म्हणजे कॉनेमारा ज्यात येतो त्या पश्चिमेच्या प्रांतात हाकललं. "नरकात जा नाहीतर कॉनॉख्टला" ही म्हण तिथल्या पोरासोरांनाही माहीत असते. त्यामुळे कॉनॉख्टमधून मीथच्या सुपीक कुरणांवर येणं हा बऱ्याच जणांना परतीचा प्रवास वाटला. इतिहासकार म्हणतील, की हे तेच लोक कशावरून? बरोबर आहे. पण माणसं स्वतःला कोणती गोष्ट सांगतात, हाही इतिहासाचाच भाग असतो.

12 एप्रिल 1935 ला पहिली कुटुंबं पोहोचली. त्या वर्षी एकूण 27, आणि 1937 मध्ये आणखी 11. प्रत्येकाला लँड कमिशनने बांधलेलं घर, साधारण 22 एकर जमीन, एक डुकरीण, पिल्लं आणि शेतीची जुजबी अवजारं मिळाली. बदल्यात त्यांनी कॉनेमारातले आपले तुकडे सोडायचे, म्हणजे मागे राहिलेल्या शेजाऱ्यांची शेतं थोडी मोठी करता येतील. आपल्याकडे कोकणातल्या माणसाला 22 एकर म्हणजे जहागीर वाटेल. मीथमध्ये मात्र तेवढ्यात गुरं पोसून एक संसार चालतो, चार मुलांचे चार संसार चालत नाहीत. म्हणून पहिल्या वर्षांत इथूनही बरीच माणसं बाहेर पडली. दारख ओ काहान हा मोठा गायक लहानपणी याच स्थलांतरात राह खार्नला आला आणि पुढे कामासाठी इंग्लंडात लीड्सला गेला. 'शॅन-नोस' म्हणजे वाद्याशिवाय, एकट्याने, हरकती घेत म्हणायची जुनी आयरिश गायकी. त्यात त्याचं नाव आजही आदराने घेतलं जातं. लीड्समध्ये तो डडली केन होता. नावाचा हा मुद्दा लक्षात असू द्या, कागदपत्रं शोधताना लागेल.

स्थानिकांचा विरोध प्रकल्पात जरूर लिहा, पण न्यायाने. मीथमध्येही भूमिहीन मजूर होते, छोटे शेतकरी होते. आपल्या डोळ्यांसमोर मोठी कुरणं मोडली जातायत आणि तुकडे मिळतायत ते दोनशे किलोमीटरवरून आलेल्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या लोकांना, यावर ते चिडले तर नवल काय. तुमच्या शेजाऱ्यांच्या वाक्यात त्या रागाची राख अजून आहे. वाद घालू नका. त्यांच्या आजोबांना जमीन मिळाली होती का, एवढं सहज विचारा. कदाचित प्रकल्पाचं सगळ्यात चांगलं पान तिथेच मिळेल.

आता 'एकत्र' या शब्दाकडे वळते. मला या गावाबद्दल सांगण्यासारखी एकच गोष्ट असेल तर ती ही. नवनच्या उत्तरेला बाल्ये यिब नावाचं दुसरं असंच गाव आहे. 1937 पासून तिथेही पन्नासहून अधिक कुटुंबं आली, घरं आणि जमिनी तशाच. पण ती आली वेगवेगळ्या टोकांहून: केरी, डोनेगल, मेयो. आयरिशच्या बोली एकमेकींपासून चांगल्याच लांब आहेत. डोनेगलच्या म्हाताऱ्याला केरीचा म्हातारा समजायला वेळ लागतो. आपल्याकडे मालवणी आणि झाडीबोली बोलणाऱ्यांना एका आळीत ठेवलं तर ती पहिल्या आठवड्यात काय करतील? प्रमाण मराठीवर येतील. पण आयरिशला तेव्हा सगळ्यांच्या तोंडी बसलेली प्रमाणभाषा नव्हती, आणि दोघांनाही येणारी तिसरी भाषा होती इंग्रजी. कुंपणावरून बोलताना ती सोयीची पडली. आज दोन्ही गावांना सरकारी मान्यता आहे, पण रोजच्या वापरात राह खार्नमध्ये आयरिश जास्त टिकली, हे तिथे राहणारा कुणीही सांगेल.

राह खार्नची कुटुंबं एकाच किनाऱ्यावरची, बरीचशी एकमेकांच्या नात्यातली. आपल्या भाषेत सांगायचं तर गाव भावकीसकट उठलं आणि भावकीसकट बसलं. आयरिशमध्ये 'मेहेल' नावाची रीत आहे: कापणीला, पीट काढायला सगळ्यांनी एकाच्या शेतावर जायचं, उद्या दुसऱ्याच्या. ऐकताक्षणी मला आमच्याकडची इर्जिक आठवली. मेहेल चालायची तर सूचना, चेष्टा, शिव्या सगळं कामाच्या वेगात एका बोलीत व्हावं लागतं. रात्री शेजारच्या घरी जाऊन चुलीपाशी बसायचं, गाणी-गोष्टी करायच्या, त्याला 'आर्न्यान' म्हणतात. तेही सोबत आलं. समुद्र मागे राहिला, शेवाळ आणि दगडी गडगे मागे राहिले, नांगर आणि कुरण नव्याने शिकावं लागलं. पण कोण कुणाशी बोलणार, हे बदललं नाही. कोयनेच्या कामातही मी हेच बघितलं: एका गावची घरं चार तालुक्यांत विखुरली, तिथे म्हाताऱ्या आजही "आमची बोलायची माणसंच गेली" असं म्हणतात.

बाकीचा काळ थोडक्यात. राह खार्नला अधिकृत गेल्टाख्त म्हणजे आयरिशभाषक प्रदेश म्हणून मान्यता मिळाली ती 1967 मध्ये, यायला बत्तीस वर्षं झाल्यावर, तीही मागून मागून. 1973 मध्ये गावाने स्वतःची सहकारी संस्था काढली. सहकाराचं महत्त्व मराठी माणसाला वेगळं सांगायला नको: साखर कारखाना नाही, पण सभागृह, कार्यक्रम, उन्हाळ्यातले आयरिशचे वर्ग अशा गोष्टी एका छत्राखाली आल्या. उन्हाळ्यात शहरातली मुलं इथल्या घरांत राहून आयरिश शिकतात. त्यांना सांभाळणाऱ्या घरमालकिणीला 'बान अ ती' म्हणतात. भाषा बोलण्याचे घरात चार पैसे येतात, हे लिहायला लाजू नका. 1972 पासून आयरिश रेडिओ आणि 1996 पासून आयरिश टीव्ही वाहिनी आहे. तुम्ही पाहिलेल्या फक्त आयरिश पाट्यांमागे 2000 नंतरचा कायदा आहे, त्यावरून भाषा किती चालते याचा अंदाज बांधू नका.

मग भाषा 'खरी' आहे का? 2022 च्या जनगणनेत सगळ्या गेल्टाख्त प्रदेशांत मिळून 1,06,220 लोक होते. त्यातल्या 20,261 जणांनी शाळेबाहेर रोज आयरिश बोलतो असं सांगितलं, म्हणजे पाचात एक. पश्चिमेकडच्या 'अस्सल' गावांचाही यात समावेश आहे, तेव्हा शेजाऱ्यांचा निकष लावला तर निम्मा किनाराही नापास होईल. भाषा जाते कशी, हे तुम्ही रोज अनुभवता. पाच मराठी माणसं जेवायला बसलीत, सहावा अमराठी आला, की सगळे हिंदीवर किंवा इंग्रजीवर. तो मागत नाही, आपणच वळतो. राह खार्नमध्ये इंग्रजी येत नसेल असं आता कुणी नाही, आणि लग्न करून येणारी सून किंवा जावई बहुधा इंग्रजीभाषक असतात. तिथे हे रोज, प्रत्येक घरात घडतं.

आता प्रत्यक्ष कामाचं. लेक अकरा वर्षांची आहे, म्हणून दोनच कागद सुचवते. 1901 आणि 1911 च्या आयरिश जनगणनेचे घरोघरचे फॉर्म राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. त्यात 'आयरिश भाषा' असा स्वतंत्र रकाना आहे. अॅथबॉयजवळचं एक घर आणि कॉनेमाराच्या किनाऱ्यावरचं एक घर, 1911 चं, शेजारी ठेवा. एकात रकाना बहुधा कोरा, दुसऱ्यात 'आयरिश' किंवा 'आयरिश आणि इंग्रजी'. दोन फॉर्ममध्ये गावाची दोन्ही टोकं दिसतात. एक सावधगिरी: हे फॉर्म गोळा करणारे पोलीस असत, आणि घरात कुणाला लिहिता येत नसेल तर तेच भरत, इंग्रजी वळणाच्या नावांनी. ओ काहानचा केन होतो, माक डोनखाचा मॅकडोना. शिवाय एका गावात दहा घरांचं आडनाव तेच, म्हणून कॉनेमारात माणूस ओळखतात स्वतःचं नाव, बापाचं, आजोबांचं, अशा साखळीने. आपल्याला हे शिकवायलाच नको, आपली सगळी सरकारी नावं तशीच असतात. दुसरा कागद म्हणजे 1937 ते 1939 मध्ये देशभरच्या शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून लिहून घेतलेल्या गोष्टी. तोही ऑनलाइन आहे, आणि लिहिणारी मुलं तुमच्या लेकीच्याच वयाची होती. लँड कमिशनच्या फायलींच्या मागे लागू नका, त्या सर्वसामान्यांना सहज बघायला मिळत नाहीत.

माणसांशी बोलायचं की नाही, हे मात्र परिस्थितीवर आहे. 1935 मध्ये कडेवर आलेली मुलं आता नव्वदीच्या घरात. तब्येत, मुलाबाळांची संमती, ओळख करून देणारं कुणी आहे का, यावर ठरवा. नुसतं दार ठोठावू नका, सहकारी संस्थेच्या कचेरीत किंवा शाळेत विचारा. आणि जमिनीचा विषय पहिल्या भेटीत काढू नका. मी काढला होता. "तुमच्या वडिलांना किती एकर मिळाले आणि आता कुणाकडे आहेत?" असं एका आजोबांना विचारलं. त्यांनी टोपी घातली, गाईंकडे बघून येतो म्हणाले आणि परत आलेच नाहीत. वाटणीचा प्रश्न कुठल्याही गावात वाटणीचाच असतो.

दुसरी चूक सांगते, ती जास्त कामाची. मीथमधल्याच एका आजींची मी इंग्रजीत मुलाखत घेतली. पाऊण तास त्यांनी वर्तमानपत्रात शोभेल असा इतिहास सांगितला: डी व्हॅलेरा, घरं, डुकरीण. रेकॉर्डर बंद केला, चहा आला, मी माझ्या मोडक्या आयरिशमध्ये किटलीचं कौतुक केलं. त्यावर त्यांनी आयरिशमध्ये सांगितलं, की आई इथे आल्यावर कित्येक महिने रात्री उठून दाराशी उभी राहायची. समुद्राचा आवाज येत नव्हता, म्हणून तिला झोप लागायची नाही. हे वाक्य माझ्या रेकॉर्डिंगमध्ये नाही.

तेव्हा लेकीला जाण्याआधी दोन-चार वाक्यं पाठ करायला सांगा. भेटल्यावर 'जीअ घित' म्हणजे नमस्कार, निघताना आभार. तिचं आयरिश अडखळलं की समोरचे लगेच, चांगुलपणानेच, इंग्रजीवर येतील. आयरिशमध्येच बोला, असं तिने एकदा म्हणून बघावं. शाळेत ती आयरिश शिकतेच, म्हणजे तुमच्या-माझ्यापेक्षा तिला हे सोपं जाईल. प्रश्न तीनच न्या: आल्यावर पहिल्या दिवशी काय खाल्लं, मागे काय राहिलं याची जास्त आठवण यायची, आणि शाळेत शेजारच्या मुलांशी कुठल्या भाषेत भांडायचात. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण हसतात आणि मग खरं सांगतात. आणि चहा येईपर्यंत रेकॉर्डर बंद करू नका; अर्थात तो चालू आहे, हे त्यांना सांगून.